रुतलेली पिकअप कशी उचलावी

आषाढात नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागातल्या पांदण रस्त्यांवर पिकअप फसणं ही नवलाची गोष्ट राहत नाही. खताची पोती, रोवण्याची माणसं, पऱ्ह्यांच्या जुड्या असं काही ना काही घेऊन गाडी शेतापर्यंत जाते आणि वळताना मागचं एक चाक धानाच्या बांधीच्या कडेला उतरतं. ड्रायव्हर गॅस वाढवतो, चाक जागच्या जागी फिरतं आणि दोन मिनिटांत एक्सलपर्यंत खाली जातं. मग कोणी ट्रॅक्टर शोधायला निघतं, कोणी सीटमागचा जॅक काढतं. तो जॅक चिखलात उभा केला की गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. जॅक खराब नसतो. ज्या जागी तो लावला, त्या जागेसाठी तो केलेलाच नसतो.

जॅक घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: किती टनाचा? आपल्या या झाडीपट्टीत तरी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न जमिनीचा. ही माती धानाची आहे, पाणी धरून ठेवणारी. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे धानाचं वाण निवडून काढलं. धानाला जी माती मानवते, तीच जॅकला दगा देते. म्हणून निवड आणि वापर या दोन्हींची सुरुवात चाकाखालून करू.

गाडी फसते म्हणजे काय होतं

आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपचा जोर फक्त मागच्या चाकांवर असतो. इंजिनाची ताकद डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांना जाते, पण त्याची रचना अशी की ज्या चाकाला अडथळा कमी ते जास्त फिरतं आणि दुसऱ्या चाकालाही त्या घसरत्या चाकाइतकाच जोर मिळतो. त्यामुळे डावं चाक चिखलात गरगरत असेल, तर उजवं चाक कडक मुरुमावर असूनही नुसतं उभं राहतं. गॅस वाढवून फिरणारं चाक फक्त खड्डा खोल करतं. चाक फिरतंय आणि गाडी हलत नाही असं दिसलं की पाय काढायचा. त्यानंतरची प्रत्येक फेरी पुढचं उचलण्याचं काम वाढवते.

चाक बरंच खाली गेलं की दुसरी अडचण येते. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा डिफरन्शियलच्या गोळ्याला किंवा चेसिसला लागतो. गाडीचं पोट टेकतं. आता वजन चाकांवर राहिलेलं नसतं, म्हणून चाकाखाली कितीही दगड कोंबले तरी पकड येत नाही. इथे जॅकला पर्याय उरत नाही.

जॅक गाडी बाहेर काढत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. तो चाक वर उचलतो, खाली रिकामी जागा होते, त्या जागेत आपण कडक काहीतरी भरतो आणि चाक पुन्हा त्यावर टेकवतो. गाडी बाहेर निघते ती त्या भरावावरून, स्वतःच्या जोरावर. जॅकची सगळी निवड या एका कामाच्या हिशेबाने करायची.

वजनाचं गणित

रिकामी पिकअप साधारण पावणेदोन टनांच्या आसपास असते. त्यात सव्वा ते दीड टन माल चढला की एकूण वजन तीन टनांच्या वर जातं. माल मागे असल्याने त्यातला सुमारे दोन टन भार मागच्या एक्सलवर येतो, म्हणजे एका मागच्या चाकावर एक टन. एक चाक उचलायचं तर जॅकला हा एक टन पेलायचा आहे. डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून दोन्ही चाकं एकदम उचलायची म्हटली तर दोन टन. शिवाय चिकण माती टायरला खाली धरून ठेवते, तिची ओढ वेगळी. म्हणून प्रत्यक्ष भाराच्या दुपटीहून कमी क्षमतेचा जॅक घेऊ नये. पिकअपचं एक चाक उचलायला तीन टनांचा चालतो, पाच टनांचा निर्धास्त.

आता हाच एक टन जॅकच्या बुडाखाली पाहा. साध्या बाटली जॅकचं बूड साधारण १० बाय ११ सेंटीमीटर, म्हणजे ११० चौरस सेंटीमीटर. १००० किलोला ११० ने भागा. दर चौरस सेंटीमीटरला नऊ किलो. उंच दांड्याच्या फार्म जॅकचं बूड थोडं मोठं, सुमारे १८० चौरस सेंटीमीटर, तिथे साडेपाच किलो. आणि भिजलेली मऊ चिकण माती अर्धा किलोही धड पेलत नाही.

यंत्राशिवाय जमीन जोखायची एक सोपी रीत आहे. ७० किलोचा माणूस अनवाणी एका पायावर उभा राहिला, तर त्याच्या तळव्याखाली दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.४ किलो भार येतो. तळवा नुसता उमटला तर जमीन तेवढा भार घेते. घोट्यापर्यंत पाय गेला तर तेवढाही घेत नाही. फार्म जॅकचं बूड जवळजवळ एका तळव्याएवढंच असतं. म्हणजे एक टन उचलताना त्या एका तळव्याच्या जागेवर चौदा माणसं एका पायावर उभी असतात.

उपाय एकच, भार पसरवणं. ४५ बाय ३० सेंटीमीटरची फळी घेतली तर १३५० चौरस सेंटीमीटर मिळतात आणि दाब ०.७४ किलोवर येतो. ६० बाय ४५ ची घेतली तर ०.३७ किलो. तळव्याच्या परीक्षेत कशीबशी पास होणाऱ्या जमिनीला ही दुसरी फळी चालते. जाडी मात्र हवी. पातळ फळी मधोमध वाकते, कडा उचलल्या जातात आणि पसरलेला भार पुन्हा मधल्या वितभर जागेत गोळा होतो. सागाची किंवा ऐनाची पाच सेंटीमीटर जाडीची फळी असावी, किंवा चांगल्या प्लायवूडचे दोन तुकडे एकमेकांना आडवे येतील असे स्क्रूने जोडून घ्यावेत. जॅकच्या बुडाखाली सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी ठेवली तर बूड लाकडात घुसत नाही. अशी सागाची फळी नऊ किलोच्या आसपास भरते. दोन कोपऱ्यांना भोक पाडून दोरी बांधून ठेवा, नाहीतर काम झाल्यावर चिखलातून ती ओढून काढणं हाच एक उद्योग होतो.

कोणता जॅक काय करतो

*गाडीबरोबर येणारा जॅक.* हा स्क्रूचा किंवा छोटा हायड्रॉलिक असतो. रस्त्यावर पंक्चर झालं तर चाक बदलण्यापुरता. त्याचं काम सपाट, कडक जमिनीवर आहे आणि तिथे तो उत्तम आहे. चिखलासाठी त्याचं बूड लहान आणि उचल थोडी. पण स्क्रू जॅकमध्ये एक मोठा गुण आहे: त्यात तेल नाही, सील नाही, म्हणून वर गेलेला जॅक आपोआप खाली येत नाही. स्क्रूला चिखल लागू दिला नाही तर तो वर्षानुवर्षं टिकतो.

*बाटली जॅक.* गॅरेजमध्ये याला नुसतं हायड्रॉलिक म्हणतात. आत दोन नळ्या असतात, एक बारीक आणि एक जाड. दांडा दाबला की बारीक नळीतला दट्ट्या तेल जाड नळीत ढकलतो. बंद तेलावरचा दाब सगळीकडे सारखा असतो, म्हणून जाड नळीचं क्षेत्र जितकं मोठं तितका जोर वाढतो. समजा बारीक दट्ट्या एक सेंटीमीटर व्यासाचा आणि जाड तीनचा. क्षेत्र नऊपट झालं. दांड्याची लांबी आणखी पंधरापट जोर देते. हाताने २० किलो दाबलं तर वर २७०० किलो, घर्षणाचं थोडं वजा. इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली याच तत्त्वावर हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आजचा पाच टनी बाटली जॅक त्याच प्रेसचा छोटा वंशज आहे.

तो लावायचा थेट एक्सलच्या नळीखाली, चाकाच्या शक्य तितक्या जवळ. हा त्याचा सर्वांत मोठा फायदा. एक्सल उचलला की चाक लगेच वर येतं. मर्यादा उंचीची आहे. बंद असताना तो साधारण २० सेंटीमीटर उंच असतो आणि खाली पाच सेंटीमीटरची फळी, म्हणजे २५ सेंटीमीटर जागा लागते. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा मध्य जमिनीपासून ३५ सेंटीमीटरवर असतो आणि एक्सलच्या नळीची खालची कड ३० च्या आसपास. कडक रस्त्यावर जॅक आरामात जातो. चाक १५ सेंटीमीटर रुतलं की तीच कड जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर येते. आता खड्डा खणल्याशिवाय जॅक आत जाणारच नाही. म्हणून या जॅकबरोबर आखूड दांड्याचा फावडा हवाच.

बाटली जॅक उभाच वापरायचा. आडवा केला की तेलाऐवजी हवा ओढली जाते आणि तो मऊ पडतो. त्यात हायड्रॉलिक तेलच घाला. ब्रेक ऑइल घातलं तर आतले रबरी सील फुगून निकामी होतात.

*फार्म जॅक.* भोकं पाडलेली उंच लोखंडी पट्टी, तिच्यावर वर-खाली सरकणारा चिमटा आणि लांब दांडा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमफील्ड इथे १९०५ पासून हा बनतो. तिथल्या शेतकऱ्यांनी कुंपणाचे खांब उपटायला आणि शेतातल्या गाड्या उचलायला तो वापरला. पुढे ऑफ-रोड गाड्यांच्या मागे तो टांगलेला दिसू लागला. चार फुटी जॅकची मूळ कंपनीची ठरवलेली क्षमता २१०० किलोच्या आसपास आहे. रचना समजून घेण्यासारखी आहे: चिमट्यात दोन पिना असतात. दांडा खाली दाबला की एक पिन भार धरते आणि दुसरी वरच्या भोकात चढते. दांडा वर घेतला की पहिली चढते. भोकागणिक जॅक वर जातो. खटका उलटा केला की त्याच क्रमाने उतरतो.

हा बाहेरून लागतो, गाडीखाली शिरावं लागत नाही. पोट टेकलेल्या गाडीला म्हणूनच तो उपयोगी. पण दोन अटी आहेत. पहिली अट टेकायला जागा. त्याच्या नाकाखाली लोखंडाची सपाट, भक्कम कड लागते. आजच्या प्लास्टिक बंपरवर किंवा पत्र्याच्या डाल्यावर तो लावला तर पत्रा दुमडतो आणि गाडी तशीच राहते. मागच्या चेसिसचं आडवं चॅनल, जाड लोखंडाचा मागचा बंपर किंवा वेल्डिंग करून घेतलेला ब्रॅकेट चालतो. गोल पाइपवरून नाक घसरतं.

दुसरी अट कमानींची. चेसिस वर उचलली तरी चाक लगेच उठत नाही. कमानी सैल होऊन खाली लोंबतात आणि चाक चिखलातच राहतं. बराच वेळ दांडा मारूनही काही होत नाही, फक्त गाडी धोकादायक उंच होते. यावर उपाय म्हणून उचलण्याआधी एक्सलला जाड पट्ट्याने चेसिसशी आवळून बांधतात, किंवा लोखंडी रिमच्या भोकांत अडकणारे हुक लावून चाकच धरून उचलतात.

*हवेची पिशवी.* जाड कापडाची, रबराने मढवलेली पिशवी गाडीखाली सारायची, तिची नळी सायलेन्सरच्या तोंडाला लावायची आणि इंजिनाच्या धुराने ती फुगवायची. चिखल आणि रेती यांसाठी हिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, कारण बूडच अवाढव्य आहे. ६० सेंटीमीटर व्यासाच्या पिशवीचं क्षेत्र २८०० चौरस सेंटीमीटर. एक टन उचलायला दर चौरस सेंटीमीटरला ०.३६ किलो दाब पुरतो आणि जमिनीवरही तेवढाच येतो. फळी लागत नाही.

आपल्या जंगलात मात्र हिचा शत्रू पायाखाली असतो. चंद्रपूर-गडचिरोलीचं रान बांबूचं. तोडलेल्या बांबूचे तिरपे खुंट, बोरीचे काटे, चेसिसच्या धारदार कडा आणि तापलेला सायलेन्सर यांपैकी काहीही पिशवी फाडू शकतं. खाली आणि वर जाड ताडपत्री किंवा रबराचा तुकडा घातल्याशिवाय ती फुगवू नये. गाडी अशा पिशवीवर डोलते, म्हणून त्या अवस्थेत इंजिनाचा धक्का द्यायचा नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धूरमार्गात काजळी पकडणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करत असताना धूर फार तापतो, तेव्हा नळी लावू नये. अशा गाडीला पिशवी छोट्या कंप्रेसरने फुगवणं बरं. वेळ लागतो, पण नुकसान होत नाही.

गॅरेजमधला ट्रॉली जॅक इथे विचारातच घेऊ नका. त्याची छोटी चाकं सिमेंटच्या फरशीसाठी आहेत.

जमीन तशी तयारी

बांधीत गाडी फसली असेल तर एक गोष्ट आपल्या बाजूची असते. वर्षानुवर्षं चिखलणी आणि नांगरणी झालेल्या धानाच्या शेतात वरचा गाळ मऊ असला तरी वीतभर खाली दाबून घट्ट झालेला थर असतो. पाणी बांधीत टिकतं ते त्याच थरामुळे. जॅकची फळी वरच्या गाळावर ठेवू नका. फावड्याने गाळ बाजूला करा, सब्बल मारून कडक थर कुठे लागतो ते पाहा आणि फळी त्याच्यावर बसवा. बांधीत बाटली जॅकला जागाही मग आपोआप मिळते.

पांदण रस्त्यावर हा थर नसतो. बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात, मधला भाग त्या मानाने घट्ट. तिथे फळी चाकोरीत न ठेवता मधल्या उंचवट्यावर, तो थोडा सपाट करून ठेवावी.

नदीपात्रातल्या रेतीचा स्वभाव वेगळा. रेती दाबली की बाजूंना सरकते. वैनगंगेच्या कोरड्या पात्रात फळी ठेवण्याआधी खाली बादलीभर पाणी ओतलं तर रेती घट्ट बसते. फळी मोठीच हवी आणि कडा रेतीत दोन बोटं पुरलेल्या हव्यात. पण पावसाळ्यात नदी-नाल्याच्या पात्रात फसलेल्या गाडीशी झटत बसू नये. भामरागडला पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संपर्क तुटतो, हे चित्र कित्येक पावसाळ्यांत दिसलं आहे. वरच्या भागात पडलेल्या पावसाचं पाणी इथे ऊन असतानाही येतं. माणसं आधी काठावर, गाडीचं नंतर.

उचलण्याचा क्रम

१. आधी माल उतरवा. धानाचा कट्टा ४० किलोचा. २५ कट्टे उतरवले की एक टन कमी झाला आणि जॅकवरचा भार जवळजवळ निम्म्यावर आला. कंटाळा येतो म्हणून हे टाळतात आणि नंतर तासभर जास्त राबतात.

२. टायरमधली हवा कमी करून पाहा. रिकाम्या गाडीची मागची हवा निम्म्यावर आणली की टायर पसरतो, जमिनीवरचं क्षेत्र वाढतं आणि कित्येकदा जॅक काढावाच लागत नाही. कडक रस्त्याला लागलं की सावकाश जाऊन हवा भरून घ्यायची. कमी हवेवर माल भरून धावलात तर टायर आतून फाटतो.

३. दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडाचे ओंडके लावा. ही पायरी सर्वांत जास्त चुकते. पिकअपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागचं एक चाक उचललं की तो फक्त चिखलात टेकलेल्या दुसऱ्या चाकापुरता उरतो. गाडी गियरमध्ये ठेवली म्हणून ती थांबेल हा भरवसाही खोटा आहे. उचललेलं चाक मोकळं फिरतं, डिफरन्शियल त्याला फिरू देतं आणि गाडी उतारावर सरकते. पुढची चाकं अडवल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही.

४. टायरभोवतीचा चिखल काढा. सब्बल टायरच्या कडेने खाली घालून हलवा, म्हणजे हवा आत जाते आणि मातीची पकड सुटते.

५. फळी बसवा, वर लोखंडी पट्टी, मग जॅक. जॅक सरळ उभा आहे ना ते दोन बाजूंनी पाहा. दोन-चार दांडे मारा आणि थांबा. फळी एका बाजूला दबली, जॅक कलला, तर उतरवून पुन्हा बसवा. एक बाजू उचलली की गाडी पलीकडच्या चाकांवर फिरते आणि जॅकचं डोकं गाडीकडे ओढलं जातं. उंच फार्म जॅकला हे जास्त जाणवतं. कलता जॅक पुढे चढवत नेला तर तो सटकणारच.

६. टायरखाली हात घालण्याइतकी नव्हे, भराव सारण्याइतकी जागा झाली की थांबा. वीतभर पुरे. त्याहून उंच गेलेली गाडी जास्त डगमगते आणि काही जास्त मिळत नाही.

७. भराव फावड्याने किंवा काठीने लोटा. अंग, डोकं, हात गाडीखाली न्यायचे नाहीत. जावंच लागलं तर आधी चेसिसखाली लाकडांची घोडी रचा, निदान स्टेपनी आडवी सारून ठेवा. जॅक उचलतो, धरून ठेवण्याचा भरवसा त्याच्यावर टाकू नये.

८. जॅक सावकाश उतरवा, चाक भरावावर टेकवा. जॅक आणि फळी पूर्ण काढा, मगच गाडी चालू करा. दुसऱ्या गियरमध्ये, गॅस कमी ठेवून. मागे आणि बाजूला कोणी उभं राहू नये. भरावातला दगड चाकाखालून गोळीसारखा सुटतो.

भराव कशाचा

पाच-दहा रिकामे बारदाने गाडीत ठेवणं हा सर्वांत स्वस्त इलाज. निम्मे मुरुमाने भरायचे, तोंड बांधायचं आणि चाकाखाली अंथरायचे. सुटा मुरूम चिखलात विरघळतो, बारदान्यातला टिकतो. धानाचं तणस पटकन मिळतं, पण एकटं तणस ओलं झालं की निसरडं होतं आणि कोरडं तणस तापलेल्या सायलेन्सरला लागलं तर पेटतं. मुरुमाच्या पोत्यांवर थोडंसं पसरलं तर पुरे.

झाडाच्या फांद्या तोडायच्या मोहात पडू नका. याच भागातल्या घोडाझरीला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथे आणि आसपासच्या राखीव वनात फांदी तोडणं हा गुन्हा ठरतो. शिवाय ब्रह्मपुरी वनविभागातलं हे रान वाघांचं आहे. झुडपात वाकून बसलेला एकटा माणूस पहाटे किंवा संध्याकाळी धोक्यात असतो. अंधारायला आलं असेल तर काम थांबवून गाडीत बसावं, दिवे चालू ठेवावेत आणि फोन लागत असेल तर गावातून माणसं बोलवावीत. दिवसाही एकाने जॅक मारावा आणि दुसऱ्याने उभं राहून आजूबाजूला पाहावं.

फार्म जॅकची वेगळी ताकीद

हा जॅक बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माणसं जखमी करू शकतो आणि तेही जवळजवळ नेहमी दांड्यामुळे. भार पिनांवर नीट बसण्याआधी दांडा हातातून सुटला तर तो उसळून वर जातो आणि त्याच्या वाटेत हनुवटी असेल तर जबडा मोडतो. पट्टी आणि दांडा यांच्यामधल्या जागेत डोकं कधीच आणू नका. बाजूला उभे राहा, दोन्ही हातांनी धरा, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. मध्ये थांबायचं असेल तर दांडा पट्टीला टेकवून उभा ठेवा, अर्ध्यावर सोडू नका.

उतरवताना धोका जास्त, कारण प्रत्येक भोकाला भार दांड्याला वर ढकलतो. आणि वरचा भार ७० किलोच्या खाली गेला की जॅक टप्प्याटप्प्याने उतरत नाही, एकदम खाली पडतो. चाक भरावावर टेकल्यावर शेवटच्या क्षणी हे होतं, तेव्हा पाय बाजूला हवेत. गाडी या जॅकवर उंच करून बाजूला ढकलून चाकोरीबाहेर पाडायची युक्ती काही जण करतात. रिकाम्या जीपला ती जमते. लांब, मागून जड पिकअपला ती करू नये.

पिनांना ग्रीस लावू नका. ग्रीसमध्ये धूळ आणि चिखल बसतो, पिन भोकात पूर्ण शिरत नाही आणि अर्धवट बसलेली पिन भाराखाली सुटते. डिझेलने धुऊन पातळ तेलाचे दोन थेंब एवढंच पुरे. जॅक उघड्या डाल्यात न टाकता कापडात गुंडाळून ठेवावा.

ट्रॅक्टर असला तर

झाडीपट्टीत शेवटी पुष्कळदा ट्रॅक्टरच येतो आणि त्यात कमीपणा नाही. पण ट्रॅक्टर लावण्याआधीही जॅक मारावा. एक्सलपर्यंत रुतलेली गाडी तशीच ओढली तर समोरची मातीची भिंत फोडायला लागणारा सगळा जोर दोरीवर आणि हुकवर येतो. चाक उचलून खाली दोन पोती सारली, समोरची भिंत फावड्याने उतरती केली, की तीच गाडी थोड्या ओढीत निघते. दोरी चेसिसच्या हुकलाच बांधा. बंपरला किंवा कमानीच्या बोल्टला नको. ताणलेल्या दोरीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या लांबीइतक्या अंतरात, कोणी उभं राहू नये.

काय घ्यावं आणि कधी

पैशाचा क्रम लावायचा तर सर्वांत आधी मोठी फळी, लोखंडी पट्टी आणि बारदाने. त्यानंतर पाच टनांचा बाटली जॅक, कमी बंद उंचीचा, वरचा स्क्रू फिरवून आणखी लांब होणारा. सब्बल आणि फावडा शेतकऱ्याच्या घरी असतातच, ते पावसाळाभर गाडीत राहू द्या. ज्यांना वारंवार जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर जायचं आहे आणि ज्यांच्या गाडीला लोखंडी टेकण आहे किंवा करून घेता येतं, त्यांनी फार्म जॅक घ्यावा. तोही नावाजलेल्या बनावटीचा. स्वस्त नकलांमध्ये पिनांचं लोखंड मऊ असतं, हे वरून दिसत नाही. रेतीत आणि खोल चिखलात रिकामी किंवा हलकी गाडी नेणाऱ्यांना हवेची पिशवी उपयोगी.

विकत घेतल्यावर मृगाच्या आधी घरच्या अंगणात एकदा तालीम करा. गाडीत नेहमीइतका माल भरा, मागच्या एका चाकाची हवा काढा आणि फळीसकट जॅक एक्सलखाली जातो का ते पाहा. फार्म जॅक असेल तर त्याचं नाक नेमकं कुठे बसतं ते खडूने खूण करून ठेवा, कमानी किती लोंबतात ते मोजा आणि पट्टा किती लांबीचा लागेल ते ठरवा. घरातल्या किंवा सोबत जाणाऱ्या दुसऱ्या माणसालाही खटका कसा उलटवायचा ते दाखवा. अंगणात जो जॅक गाडीखाली बसत नाही, तो बांधीत बसणार नाही. दुकानदाराला परत करायला किंवा वेल्डरकडून टेकण बसवून घ्यायला जूनचा पहिला आठवडा हीच वेळ.